कपाटाची नवी आवृत्ती

माणसाचं जरा बरं चाललेलं असलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक निळी पट्टी येते. ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे.’ खाली दोन बटणं असतात, ‘आता घ्या’ आणि ‘नंतर आठवण करून द्या’. ‘मला आहे तिथे राहू द्या’ असं तिसरं बटण द्यायचं अजून कुठल्याही कंपनीला सुचलेलं नाही. ते असतं, तर मी आज इतका दमलेला नसतो.

मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात आहे. दिवसभर लोकांच्या नळांची गाऱ्हाणी ऐकायची आणि संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटरवरचा गेम बनवायचा, असा माझा गेल्या काही वर्षांचा क्रम आहे. खेळायचा नव्हे, बनवायचा. हा फरक मी सुरुवातीला सगळ्यांना समजावून सांगत असे. आता कोणी “अजून गेम खेळता का?” असं विचारलं की मी “हो” म्हणतो आणि विषय बदलतो. वय वाढतं तसा माणूस सत्याचा आग्रह सोडत जातो, तो असा.

गेमचं नाव ‘कपाट’. पाच मजली इमारत आहे, लिफ्ट बंद आहे आणि पाचव्या मजल्यावरचं एक थोराड लाकडी कपाट जिन्याने खाली आणायचं आहे. खेळायला दोघं लागतात. एकाने वरचं टोक धरायचं, दुसऱ्याने खालचं. भिंतीला घासलं की पोपडे उडतात आणि गुण जातात. मजल्यामजल्यावर दारं उघडतात, शेजारी बाहेर येतात आणि सल्ला देतात. जो सल्ला ऐकेल त्याचं कपाट आपटतं. बस. बंदुका नाहीत, भुतं नाहीत, राजकन्या नाही. ही कल्पना मला कुठून सुचली हे आमच्या जिन्यातल्या भिंती पाहिल्या की कोणालाही कळेल.

वरचं टोक माझं आणि खालचं बायकोचं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आल्यावर तिला आणखी एक पडदा बघायचा खरं तर वैताग असतो. तरी जेवणं झाली, ओटा आवरला, की ती मागच्या खोलीत येते, इस्त्रीचं टेबल भिंतीकडे सरकवते, पलंगाच्या कडेला टेकते आणि म्हणते, “चल, उतरव तुझं कपाट.” एक फेरी खेळायची आणि दिवा घालवायचा. तिला मी चाचणी विभाग म्हणतो. ती मला काय म्हणते ते मी विचारलेलं नाही.

आमच्या न्हाणीघराचं दार वरून पांढरं आणि खालून करडं आहे. गॅलरीत कुंड्यांसाठी केलेली एक मांडणी आहे, ती भिंतीच्या आधाराने उभी असते, कारण तिचा चौथा पाय अजून व्हायचाय. कोपऱ्यात गिटार आहे. पाहुणे आले की बायको या वस्तू दाखवत नाही आणि लपवतही नाही. ती त्यांच्यासमोरून नुसती जरा हळू चालते. त्यामुळे नव्या गेमकारांच्या मेळाव्यात ‘कपाट’ला एक टेबल मिळालं, तेव्हा घरात आनंदापेक्षा शांतता जास्त पसरली. मेळाव्यात परीक्षक टेबलाटेबलावर फिरणार होते आणि ज्याचा गेम त्यानेच तो त्यांच्यासमोर खेळून दाखवायचा होता. म्हणजे आम्ही दोघांनी.

“हे बघ,” ती म्हणाली, “मी लॅबमध्ये सगळ्याजणींना सांगून बसले आहे. त्या येणार आहेत बघायला. या वेळी अर्धवट काही घेऊन मला नेऊ नकोस तिथे.”

आवाज अजिबात चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

गेम तसा होत आला होता. अडचण होती ती तिसऱ्या मजल्याची. तिथे जिना वळतो, आणि त्या वळणावर कपाटाचा एक पाय कठड्याच्या गजांत अडकायचा. रोज. मी गज बारीक करून पाहिले, पाय तासून पाहिला, एकदा तर चिडून कठडाच काढून टाकला, तेव्हा पाय हवेत अडकला. शेवटी आम्ही दोघांनी त्यावर एक तोडगा काढला होता. तिने दोन पायऱ्या पुन्हा वर यायचं, मी माझं टोक तिरकं करायचं, तिने खालून बघून सांगायचं, मी थोडं सोडायचं, मग दोघांनी मिळून एक हिसका. कधी पहिल्या खेपेला जमायचं, कधी भांडण व्हायचं. पण परीक्षकांसमोर असला तोडगा दाखवायचा म्हणजे पाहुण्यांना न्हाणीघराचं दार दाखवण्यासारखंच होतं.

आणि अशा वेळी ती निळी पट्टी आली. गेम ज्यात बनवतात त्या सॉफ्टवेअरला या धंद्यातली माणसं इंजिन म्हणतात. त्या इंजिनाची नवी आवृत्ती आली होती, आणि तिच्या गुणांच्या लांबलचक यादीत मधेच एक ओळ होती: वस्तू एकमेकींत अडकण्याची समस्या पूर्णपणे दूर करण्यात आली आहे. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. कोणीतरी लांब कुठेतरी बसून माझ्या तिसऱ्या मजल्याचा विचार केला होता, असं वाटून मला भरून आलं.

काम अर्ध्यात असताना इंजिन बदलू नये, हे या क्षेत्रात नवशिक्यालाही माहीत असतं. मलाही होतं. पण माहीत असणं आणि ती निळी पट्टी रोज संध्याकाळी समोर येणं यांत फार अंतर आहे. मी सल्ला घ्यायचं ठरवलं, आणि तिथेच माझं चुकलं. आमच्या इमारतीत सल्ला मागणाऱ्याला रिकाम्या हाताने कोणी परत पाठवत नाही.

खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. ते निवृत्त झाले तरी बोलताना समोरच्याच्या तोंडात बघायची त्यांची सवय गेलेली नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि जो दात दुखत नाही त्याला आपण जन्मात हात लावला नाही, असं सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. मी उठलो, तेवढ्यात ते म्हणाले की तुमचा मात्र दुखतोय, तो तिसरा, तेव्हा तो काढलेलाच बरा. मी पुन्हा बसलो. मग त्यांनी चहा मागवला आणि एका माणसाचा चुकीचा दात काढला गेला होता त्याची हकिगत सांगितली. ती हकिगत त्यांची स्वतःची होती की दुसऱ्या डॉक्टरची, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

इमारतीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. त्यांच्यापुढे मी विषय काढला नव्हता, पण डॉक्टरांकडून तो तासाभरात वर पोचला होता. त्यांचं म्हणणं असं पडलं की आपल्या लिफ्टला नवी यंत्रणा बसवली, त्याआधी ती निदान बंद तरी असायची, आता ती दोन मजल्यांच्या मधे थांबते. एवढं बोलून त्यांनी आपल्या नळाला हवा येते याची आठवण करून दिली. मी कुठल्याही विषयावर कोणाशीही बोलत असलो, तरी शेवटी त्या माणसाच्या नळावर येतो. हे माझ्या नोकरीचं प्राक्तन आहे.

ऑफिसात साहेबांना विचारलं. साहेबांनी विषय लेखी मांडायला सांगितला. मी जेवणाच्या सुट्टीत टिपण लिहिलं, फायदे एका बाजूला, तोटे दुसऱ्या बाजूला. साहेबांनी ते चष्मा लावून वाचलं आणि ‘तूर्त जैसे थे, नंतर फेरविचार’ असा शेरा मारला. शेरा चांगला होता. पण तो ‘नंतर आठवण करून द्या’ या बटणाहून वेगळा कसा, ते मला कळेना.

बायकोला शेवटी विचारलं. ती कपडे इस्त्री करत होती. “तुला काय करायचंय ते कर,” ती म्हणाली, “फक्त पुरं कर.” मग इस्त्री उभी करून म्हणाली, “मला विचारशील तर राहू दे. आपल्याला जमतंय की ते वळण.” मी म्हटलं, जमतंय म्हणजे काय, ते चुकीचं आहे. ती पुढचा शर्ट घेऊन त्याच्या कॉलरकडे वळली.

आता राहिला मेव्हणा. हा बायकोचा धाकटा भाऊ, प्रिंटर दुरुस्त करतो, आणि त्या बळावर आमच्या घराण्यात कॉम्प्युटरमधलं सगळं त्यालाच कळतं असं ठरलेलं आहे. त्याच्या फोनमध्ये काहीही जुनं नसतं. नवीन काही आलं की तो आधी ते घेतो आणि मग ते काय आहे ते बघतो. तो रविवारी सकाळी दारात उभा राहिला आणि चपला काढता काढता म्हणाला, “दाजी, तुम्ही अजून त्या जुन्यावरच? लोक हसतील.”

माणूस बायकोचं ऐकत नाही, साहेबांचं ऐकत नाही, पण लोक हसतील म्हटलं की ऐकतो.

मी अगदीच बेसावध नव्हतो, हे इथे नोंदवून ठेवतो. तक्रार विभागात इतकी वर्षं काढलेला माणूस प्रत ठेवल्याशिवाय मूळ कागद हातचा सोडत नाही. मी संपूर्ण गेमची प्रत काढली आणि वेगळी ठेवली. मेव्हणा त्यावर हसला. मग आम्ही ‘आता घ्या’ दाबलं. पट्टी भरत गेली. इंजिन नवं झालं. गेम उघडला.

सगळा जिना गुलाबी झाला होता. भिंती, पायऱ्या, कठडा, दारं, कपाट, सगळं एकाच भडक गुलाबी रंगाचं. मजल्यामजल्यावर शेजारी बाहेर आलेले होते आणि दोन्ही हात आडवे पसरून, नजर समोर लावून ताठ उभे होते. सल्ला कोणी देत नव्हतं. कपाट सावकाश वर तरंगत चाललं होतं. छताला लागलं तेव्हा त्याने टुणकन आवाज केला आणि ते तिथेच राहिलं.

“सेटिंग असेल काहीतरी,” मेव्हणा म्हणाला.

मी शांत होतो. माझ्याकडे प्रत होती. आणि इथे मी जे केलं, ते आमच्या खात्याबाहेरचा कोणताही शहाणा माणूस करणार नाही. आमच्याकडे नुसती प्रत चालत नाही. ‘मूळ प्रतीशी पडताळून पाहिली’ असा शिक्का त्यावर लागतो, आणि तो मारायच्या आधी प्रत उघडून बघावी लागते. हाताला तेच वळण लागलेलं. प्रत बरोबर आहे ना, हे बघायला मी ती उघडली. नव्या इंजिनात. ही फाईल जुनी आहे, नव्या पद्धतीत बदलू का, असं इंजिनाने अदबीने विचारलं. मी वाचता वाचता ‘हो’ दाबलं. प्रतही गुलाबी झाली. अगदी मूळ प्रतीबरहुकूम.

जुनं इंजिन पुन्हा बसवून पाहिलं. पण एकदा नव्याने हात लावलेल्या फाईलला जुनं इंजिन शिवत नाही. मेव्हण्याला एका प्रिंटरची आठवण झाली आणि तो जेवायलाही थांबला नाही.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. इंटरनेटवर अशा अडचणींची चर्चा करणाऱ्या जागा असतात. तिथे माझ्यासारखंच कपाट तरंगणारा एक माणूस सापडला. कपाट नव्हे, त्याचा पियानो तरंगत होता, पण दुखणं तेच. त्याने फार व्याकूळ होऊन विचारलं होतं. खाली त्याचंच उत्तर होतं, ‘सुटलं. सर्वांचे आभार.’ कसं सुटलं ते त्याने लिहिलेलं नव्हतं. आभार कोणाचे मानले तेही कळत नव्हतं, कारण मधे कोणीच काही बोललं नव्हतं. या माणसाचा मी बरेच दिवस मनातल्या मनात पाठलाग केला. त्याला संसार असेल का, तो सुखाने झोपत असेल का, असे विचार आंघोळ करताना यायचे.

कंपनीला लिहिलं. सविस्तर, मुद्देसूद, चित्रं जोडून. उत्तर आलं की आपली तक्रार प्राप्त झाली असून ती संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी ते वाचून खुर्चीत मागे टेकलो. हे वाक्य मी रोज लिहितो. शब्दही जवळजवळ तेच. ते वाचणाऱ्याला काय वाटतं, हे आजवर मला कधी कळलं नव्हतं आणि कळायची इच्छाही नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एका बाईंच्या नळाबद्दल मी स्वतः फोन करून चौकशी केली, तर त्या घाबरल्या आणि काही चुकलं का म्हणून विचारू लागल्या.

या काळात सेक्रेटरी एकदा घरी आले. निमित्त नळाचं होतं. पडद्यावर त्यांनी हात पसरून उभा असलेला टकलू माणूस पाहिला, बराच वेळ निरखला आणि म्हणाले, “हा मी ना?” मी माऊस उगाच हलवला. ते म्हणाले, “असू दे. पण माझं दार गुलाबी का?” मी त्यांना सांगितलं की सगळ्यांचीच दारं गुलाबी आहेत. त्यावर त्यांचं समाधान झालेलं दिसलं. अन्याय सरसकट झाला की माणसाला तो सोसतो.

‘मी सांगितलं होतं’ हे तीन शब्द बायकोच्या हक्काचे होते, ते तिने वापरले नाहीत. उलट लॅबमधून आली की शेजारी बसायची आणि भिंतींना एकेक करून पुन्हा रंग द्यायची. पायऱ्या करड्या, कठडा काळा, डॉक्टरांचं दार हिरवं. मी शेजाऱ्यांचे हात खाली आणत होतो. बोलायला उसंत नव्हती. ती भिंत संपवून म्हणायची, झालं. मी एक हात खाली आणून म्हणायचो, झालं. मग ती ओट्याकडे जायची. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते मला दिसत होतं, पण मेळावा तोंडावर आला होता.

आणि एका संध्याकाळी सगळं जागच्या जागी आलं. रंग आले, हात खाली आले, कपाटाला वजन आलं. आम्ही फेरी खेळलो. पाचवा मजला, चौथा मजला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी सवयीने श्वास रोखला. कपाट त्या वळणावरून असं घरंगळत गेलं की गज तिथे आहेत हे त्याच्या गावीही नव्हतं. दुसरा, पहिला, तळमजला. पोपडा नाही, धक्का नाही. पूर्ण गुण. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

“झालं,” मी म्हणालो.

“छान झालं,” ती म्हणाली आणि हातातला बटणांचा कंट्रोलर ठेवून वाळलेले कपडे आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी वाट बघत बसलो. ती आली नाही. तिसऱ्या दिवशी मी हाक मारली, तर म्हणाली, आता काय, झालाय ना तो. मी बाहेर गेलो. ती बाहेरच्या दिवाणावर कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत होती. मला राग आला होता, आणि तो लपवायची ताकद उरली नव्हती. मी म्हटलं की एवढं मर मर मरून तो नीट केला आणि तुला बघायचाही नाहीये.

“गेम चांगला झालाय,” ती म्हणाली. “खरंच.”

“मग?”

तिने एका पायमोज्याचा जोडीदार शोधला. मग न बघता म्हणाली, “त्या वळणावर तू मला विचारायचास. दिसतंय का, सोडू का, थांबू का. दिवसभरात तू मला काही विचारायचास ते तेवढंच. एरवी आपण एकमेकांना सांगतो. दूध आण. बिल भर. दार लाव.” तिने पायमोजे गुंडाळले. “आता ते नाही, तर उरतं काय त्या कपाटात? मी खाली, तू वर. उतरायचं.”

मला फार वाईट वाटलं. आणि मी विचारलं, दूध आहे ना उद्याचं?

मग मी ते अडकणं परत आणायच्या मागे लागलो. वाटलं, यात काय आहे. जी चूक काढायला इतके महिने लागले, ती घालायला एक संध्याकाळ पुरेल. पण नव्या इंजिनात काही अडकतच नाही. मी कठड्याला एक अदृश्य खिळा ठोकला, तर कपाट त्याच्यातून आरपार गेलं. खिळा मोठा केला, तर ते तिथे असं रुतलं की दोघांनी काहीही केलं तरी हलेना. अधलामधला केला, तर एकदा ते भिंतीतून बाहेर पडून शेजारच्या रिकाम्या जागेत जाऊन उभं राहिलं. जुनं अडकणं वेगळं होतं. ते सुटायचं. मेव्हण्याला फोन केला, तर तो म्हणाला की आणखी नवी आवृत्ती येतेय, तिच्यात कदाचित असेल. मी फोन ठेवला.

शेवटी मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी सगळे खिळे काढले आणि बायकोला सांगितलं की घरंगळणारंच न्यायचं. पुरं झालेलं आहे, चूक एकही नाही. ती म्हणाली, चालेल. तिने उद्यासाठी साडी काढून ठेवली होती.

मोठं सभागृह होतं आणि टेबलांच्या रांगा. आमच्या शेजारी एका मुलीचा माशांचा गेम होता, त्याभोवती सारखी गर्दी. आमच्याकडे लोक यायचे, जोडीने कपाट उतरवायचे, छान आहे म्हणायचे आणि माशांकडे जायचे. लॅबमधल्या बायकाही आल्या, चांगल्या नटून. दोघी दोघी मिळून खेळल्या. त्यांतल्या एकीने फोनवर मुलाला फ्रिजमध्ये काय कुठे ठेवलंय ते सांगता सांगता कपाट पाचव्या मजल्यावरून तळमजल्यावर आणलं आणि पूर्ण गुण मिळवले. “मस्त आहे गं,” ती बायकोला म्हणाली, “अगदी सोप्पं.” बायको हसली. ती परक्यांच्या अहवालावर सही करताना हसते तसं हसली, आणि मला वाटलं, टेबल गुंडाळावं आणि घरी जावं.

तेवढ्यात परीक्षक आले. तिघं होते. मधल्या बाईंच्या गळ्यात दोरीला चष्मा होता आणि त्या इतक्या टेबलांवरून आल्या होत्या की आता त्यांना कुठल्याच गेमचं काही वाटत नसावं. मी दोन वाक्यांत ओळख करून दिली. लॅबच्या बायका मागे अर्धवर्तुळ करून उभ्या राहिल्या. आम्ही दोघांनी उभ्या उभ्या कंट्रोलर हातात घेतले.

पाचवा मजला गेला. चौथा गेला. डॉक्टर बाहेर येऊन सल्ला देऊन गेले. चष्मेवाल्या बाईंनी जांभई दाबलेली मी पाहिली. आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट थांबलं.

मी पुढे रेटलं. हललं नाही. एखादा खिळा काढायचा राहून गेला असणार. मी तिरकं करून पाहिलं, मागे घेऊन पाहिलं. मग माझं लक्ष बाजूला गेलं. कठड्यात काही अडकलेलं नव्हतं. बायकोचा अंगठा बटणावरून उचललेला होता. खालचा माणूस पायरीवर नुसता उभा होता, म्हणून कपाट उभं होतं.

“अगं, ने की खाली,” मागून एकजण म्हणाली.

बायको पडद्याकडे बघत होती. साडीचा पदर खांद्यावरून घसरला होता, तो तिने सावरला नव्हता. ती लॅबमधून रोज अशीच येत असणार, आणि मी रोज तिच्या हातात तो कंट्रोलर ठेवत असणार.

“काय झालं?” मी हळूच म्हटलं. तिघं परीक्षक बघत होते. मी कंट्रोलर जरा खाली घेतला. “थांबू का?”

“हो,” ती म्हणाली. “दमले रे मी. केव्हाची.”

चष्मेवाल्या बाई पुढे वाकल्या. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, एकदा पडद्याकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि विचारलं, “इथे काय करायचं असतं?”

तिथे काहीच करायचं नसतं. नव्या आवृत्तीत कपाट तिथे थांबत नाही. तेच सांगायला मी तोंड उघडलं होतं.

“इथे दोघांनी थोडं बसायचं असतं,” बायको म्हणाली.

टेबलामागे आमच्यासाठी एकच खुर्ची ठेवलेली होती. बायको एका कडेला सरकून बसली. मी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि उरलेल्या अर्ध्या खुर्चीवर बसलो.